शिवार हीच प्रयोगशाळा

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत काही दिवस एकच विषय असतो. अभियांत्रिकी की वैद्यकीय? संगणक की व्यवस्थापन? दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरातही याहून वेगळे काही घडत नाही. ज्याच्या घराभोवती दहा एकर बाग उभी आहे, ज्याच्या विहिरीचे पाणी दर उन्हाळ्यात थोडे अधिक खाली जाते, ज्याच्या बांधावरून धरणाचा कालवा वाहतो, त्याचा मुलगा पाणी, माती, वन आणि पीक यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यासाठी विद्यापीठात जावा, असे त्या घरात सहसा कोणाला सुचत नाही. मुलगा शिकला म्हणजे शेतीतून सुटला, हे समीकरण पक्के झाले आहे. आणि जो शिकला नाही, तो शेतीत अडकला, हे त्याच समीकरणाचे दुसरे अंग आहे.

हे समीकरण केवळ पालकांच्या मनातले नाही. आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेनेच ते घडवले आहे. ‘नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन’ या नावाची एक ज्ञानशाखा आज जगभर प्रतिष्ठित झाली आहे. जल, जमीन, जंगल, जनावर आणि जैवविविधता यांचा एकत्रित विचार करणारी, त्यांना अर्थशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र यांची जोड देणारी ही शाखा आहे. भारतात भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था १९८२ पासून वनांच्या अंगाने हा विषय शिकवते. छत्रपती संभाजीनगर येथील ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था १९८० पासून अभियंत्यांना आणि शेतकऱ्यांना प्रशिक्षण देत आली आहे. परंतु सामान्य महाविद्यालयात शिकणाऱ्या, गावाकडच्या मुलामुलींच्या वाट्याला या विषयाचे काय येते? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणाविषयी निर्देश दिले आणि पुढे पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्या सक्तीचे फळ बहुतेक ठिकाणी एका प्रकल्पवहीत संपते. मागच्या वर्षीच्या मुलाची वही पुढच्या वर्षीचा मुलगा उतरवून काढतो. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र त्याला पाठ असते. आपल्या गावाचा ओढा कोठे उगम पावतो, हे त्याला ठाऊक नसते.

दिंडोरीत काय शिकता येईल?

या पार्श्वभूमीवर दिंडोरी तालुक्याकडे पाहावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रासाठी याच तालुक्यातील शिवनईची जागा निवडली गेली. विद्यापीठ जिल्ह्याच्या दारात आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु पुण्यात जे शिकवले जाते त्याचीच लहान आवृत्ती शिवनईला काढायची, की शिवनईच्या मातीत जे शिकण्यासारखे आहे ते जगापुढे मांडायचे, हा प्रश्न इमारतीपेक्षा मोठा आहे.

कारण निसर्गाने या तालुक्याला एक दुर्मीळ देणगी दिली आहे. सह्याद्रीचा जलविभाजक याच्या पश्चिम सीमेवरून जातो. पश्चिमेकडे पेठ, सुरगाण्याचा डोंगराळ, दणदणीत पावसाचा प्रदेश. तेथले पाणी उतरून गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडे कादवा, कोळवण, बाणगंगा या नद्या. त्यांचे पाणी गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. काही कोसांच्या अंतरात पावसाचे मान झपाट्याने घटत जाते. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव अशी धरणांची मालिकाच या एका तालुक्यात उभी आहे. देवसाने गावाजवळच्या मांजरपाडा वळण योजनेने पश्चिमेला पार नदीच्या खोऱ्यात जाणारे पाणी बोगद्यातून पुणेगावकडे वळवले आणि २०१९ साली ते पूर्वेकडे आले. त्याच पाण्याकडे येवल्यातील दुष्काळी गावे डोळे लावून बसलेली असतात. आणि कादवा जेथे गोदावरीला मिळते, त्या नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

एकाच तालुक्यात वनवासी पाडे, जागतिक बाजारात जाणारी द्राक्षे, तळेगाव-अक्राळेचे औद्योगिक क्षेत्र आणि खालच्या जिल्ह्यांशी चाललेला पाण्याचा वाद, असे सारे प्रश्न एकत्र नांदतात. जगातील कोणत्याही विद्यापीठाला हेवा वाटावा, अशी ही प्रयोगशाळा आहे. तिला छप्पर लागत नाही. तिला शिक्षक आणि विद्यार्थी तेवढे हवे आहेत.

वाघाडचा धडा

ज्यांना वाटते की असा अभ्यास म्हणजे पुस्तकी पांडित्य, त्यांनी वाघाड प्रकल्पाची हकिकत समजून घ्यावी. कोळवण नदीवरील या धरणाच्या कालव्याचे पाणी प्रारंभी टेलच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतच नसे. वरच्याने भरपूर घ्यावे, खालच्याने पाहत राहावे, हा महाराष्ट्रातील बहुतेक कालव्यांचा रिवाज होता. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १९९०-९१ च्या सुमारास टेलच्या भागात महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या.

त्यांची पद्धत साधी, परंतु क्रांतिकारक होती. संस्थेने शासनाकडून पाणी मोजून, घनमापन पद्धतीने, एकत्रित घ्यायचे आणि सभासदांना वाटायचे. कोणते पीक घ्यायचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला. मात्र पाण्याचा कोटा ठरलेला. पाटाचे पाणी गावच्या नाल्यांवरील बंधाऱ्यांत सोडून त्यातून विहिरींचे पुनर्भरण साधायचे. म्हणजे कालव्याचे पाणी आणि विहिरीचे पाणी ही दोन वेगळी खाती नसून एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत, हे या शेतकऱ्यांनी कोणत्याही पदवीवाचून ओळखले. हळूहळू संपूर्ण लाभक्षेत्रात चोवीस संस्था झाल्या आणि २००३ साली प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन होऊन पूर्ण प्रकल्पाच्या सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. महाराष्ट्र शासनाने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला तो २००५ साली. म्हणजे कायदा मागाहून आला. दिंडोरीचा शेतकरी त्याच्या पुढे चालत होता.

तथापि, येथेच एक प्रश्न उभा राहतो. देशभरातून लोक हा प्रयोग पाहण्यास येऊन गेले. परंतु ज्या पिढीने तो उभा केला तिची जागा घेणारी पुढची पिढी कोठे घडणार? पाण्याचे मोजमाप, हिशेब, आवर्तनाचे नियोजन, विहिरींच्या पातळीची नोंद, सभासदांमधील तंटे, कायद्यातील तरतुदी ही कामे केवळ उत्साहावर वर्षानुवर्षे चालत नाहीत. कायदा झाल्यावर राज्यात कागदोपत्री अनेक पाणीवापर संस्था नोंदल्या गेल्या आणि पुष्कळशा निस्तेज झाल्या, त्याचे एक कारण हेच आहे. संस्थेला सचिव हवा, तो शिकलेला हवा आणि त्याला मानाचे वेतन मिळायला हवे. अशा माणसांना घडवणारा अभ्यासक्रम नाही, म्हणून अशी माणसे नाहीत. आणि माणसे नाहीत, म्हणून संस्था कोलमडतात.

परंपरेचे भांडवल

पाश्चात्त्य जगाने हा विषय अलीकडे शोधला, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवर देखरेख करणारा सीताध्यक्ष आहे, वनोपजांसाठी कुप्याध्यक्ष आहे, पावसाच्या मोजमापाचा विचार आहे आणि पाणी कोणत्या साधनाने उचलले त्यानुसार त्यावर आकारायचा करही आहे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस मोसम, आरम, गिरणा आणि पलीकडे धुळ्यात पांझरा, या नद्यांच्या काठी फड पद्धती शतकानुशतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालचे शिवार काही फडांत विभागलेले. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात हंगामी पीक, हे गाव मिळून ठरवी. पाटकरी, जागल्या, हवालदार अशी गावानेच नेमलेली माणसे पाणी वाटत आणि राखत. सावकार असो वा लहान कुणबी, पाणी पाळीनेच मिळे.

अमेरिकेतील गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असा सिद्धान्त मांडला की सामायिक मालमत्तेचा शेवट विनाशातच होतो. म्हणून एक तर तिची खासगी वाटणी करा किंवा ती शासनाच्या हाती द्या. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची उदाहरणे गोळा करून दाखवले की तिसरा मार्गही आहे. समाज स्वतः नियम करून सामायिक साधने पिढ्यान्पिढ्या सांभाळू शकतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बागलाणच्या शेतकऱ्याला त्यात नवे काय वाटणार? त्याचा पणजोबा त्याच नियमांनी पाणी भरत होता. परंतु आपल्या विद्यापीठांनी फडांचा असा सखोल अभ्यास करून त्यावरून सिद्धान्त मांडला नाही. आपण प्रयोग केले, सिद्धान्त इतरांनी लिहिला. हे शल्य केवळ अभिमानाचे नाही. जे ज्ञान लिहिले जात नाही, शिकवले जात नाही, ते एका पिढीच्या दुर्लक्षाने लोप पावते.

येथे स्वतःलाही एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. राष्ट्रीय विचारांच्या व्यासपीठांवरून आपल्या परंपरेतील निसर्गपूजेचा गौरव वारंवार होतो. पृथ्वीसूक्ताचे स्मरण होते, देवराईचा उल्लेख होतो, नद्यांना माता म्हटले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु देवरायांचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे आणण्यासाठी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांना सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील रानावनांत पायी फिरावे लागले, वनस्पतींच्या नोंदी कराव्या लागल्या. गौरवगानाने देवराई वाचत नाही. तिच्यात कोणते वृक्ष आहेत, त्यांचे बीज कोण पसरवते, तिच्याखालचा झरा का आटला, हे जाणणारा माणूस गावात असला तर ती वाचते. नदीला माता म्हणणाऱ्याने मातेच्या प्रकृतीची नाडीपरीक्षा शिकायला नको का?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, समाज, सृष्टी यांना तुकड्यातुकड्यांनी पाहू नका, हा त्याचा गाभा. परंतु आपले शिक्षण इंग्रजांच्या काळात जे तुकड्यांत विभागले गेले ते तसेच राहिले. कालवे बांधण्यासाठी १८४७ साली रूरकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, वनांतून लाकूड काढण्यासाठी १८७८ साली डेहराडूनला वनविद्यालय निघाले. साम्राज्याला जे हवे होते त्यासाठी ते ठीक होते. आज मात्र धरणाच्या अभियंत्याला वन कळत नाही, वनाधिकाऱ्याला शेती कळत नाही, कृषी पदवीधराला भूजल कळत नाही आणि गावकऱ्याला यांपैकी कोणाचीच भाषा कळत नाही. नानाजी देशमुखांनी १९९१ साली चित्रकूटला ग्रामोदय विश्वविद्यालय उभारण्यात पुढाकार घेतला, त्यामागे विद्येची ही फाळणी मिटवून तिला खेड्याशी जोडण्याचीच तळमळ होती. मराठवाड्याच्या मातीतून गेलेल्या या कर्मयोग्याचे कार्य महाराष्ट्रात कोणी पुढे नेणार आहे की नाही?

पश्चिमेकडील पाड्यांची हाक

दिंडोरीचे दोन चेहरे आहेत. मोहाडीला विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सने शेतकरी स्वतःच्या कंपनीद्वारे जगाच्या बाजारात उतरू शकतो, हे दाखवले. कृषी अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस नोकरीऐवजी शेतीत राहिला, तर काय घडू शकते, याचे ते बोलके उदाहरण आहे. परंतु द्राक्षाची ही समृद्धीही निसर्गाच्या उसनवारीवर उभी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली, तेव्हा शेकडो बागायतदार हवालदिल झाले. २०१९ च्या लांबलेल्या पावसाने छाटणीनंतरच्या बागा कुजवल्या. बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदाच्या शेततळ्यात साठवायचे आणि उन्हात त्याची वाफ होऊ द्यायची, हा प्रकार तर भूगर्भातील तिजोरी फोडून पैसे अंगणात वाळत घालण्यासारखा आहे. आपल्या काळ्या कातळात पाणी साठते ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात. ती साठवण मर्यादित आहे. शेजाऱ्याचे बोअर आणि आपले बोअर एकाच भांड्यात नळी घालून बसलेले असतात.

दुसरा चेहरा ननाशीच्या बाजूचा. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाचे पाडे येथे आहेत. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी डोंगर उतरायचा, हे तेथल्या भगिनींचे प्राक्तन. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो वनवासी शेतकरी चालत गेले, २०२३ मध्ये तसाच मोर्चा दिंडोरीतून निघाला. वनजमिनीच्या पट्ट्यांची मागणी त्यांत प्रमुख होती. हातात लाल बावटे होते, म्हणून त्या मोर्चांना डाव्यांचे राजकारण म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु रक्ताळलेले पाय कोणत्याही पक्षाचे नसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा कसा भरायचा, नकाशा कसा वाचायचा, सामूहिक हक्क मिळाल्यावर वनाचा आराखडा कसा करायचा, हे शिकवणारा आपला माणूस त्या पाड्यावर नसेल, तर जो पोहोचेल त्याच्यामागे लोक जाणारच.

आणि हे काम होऊ शकते, याचे उदाहरण दूर नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा हे ते गाव. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाने कुऱ्हाडबंदी केली, दंडाचे नियम ठरवले, चर खणले, बांध घातले. चारशे हेक्टरांहून अधिक वन पुन्हा उभे राहिले, आटलेल्या विहिरींना पाणी आले. २००४ पासून तेथे भरणारा वनभाज्यांचा महोत्सव म्हणजे गावच्या माउल्यांनी चालवलेले वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिकच. देशविदेशांतील संशोधक या पाड्यावर अभ्यासाला आले. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठाने पाड्यावर जाऊन शिकावे, हा क्रम तेथे प्रत्यक्षात उतरला.

नोकरीचे काय?

मध्यमवर्गीय पालक येथे रास्त प्रश्न विचारतील. हे सर्व उदात्त असेल, पण मुलाच्या पोटाचे काय? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. आज या विषयाच्या पदवीधराला शासकीय भरतीत ठरलेली जागा नाही. अभियंत्याच्या पदासाठी अभियंता लागतो, कृषी अधिकाऱ्याच्या पदासाठी कृषी पदवीधर. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या पदवीधराला कोणत्याच रकान्यात बसवता येत नाही. हा दोष दूर झाल्याशिवाय अभ्यासक्रम काढणे म्हणजे मुलांची फसवणूक ठरेल.

परंतु कामे किती आहेत ते पाहावे. २००५ च्या कायद्याखालील पाणीवापर संस्था, २००२ च्या कायद्याखालील जैवविविधता समित्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा, शेतकरी उत्पादक कंपन्या या सर्वांना प्रशिक्षित माणूस हवा आहे. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद न्यायालयात गेला. दर दुष्काळी वर्षी नाशिक आणि मराठवाडा एकमेकांसमोर उभे ठाकतात. एकाच गोदामाईची लेकरे एकमेकांना शत्रू मानू लागतात. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ सालच्या अहवालातच खोरेनिहाय नियोजनाचा आग्रह धरला होता. खोरे म्हणून विचार करणारी माणसे मात्र आपण घडवली नाहीत. तालुका आणि मतदारसंघ म्हणून विचार करणारी तेवढी घडवली. टेलच्या गावचे दुःख धरणाजवळच्या गावाने जाणणे, ही राष्ट्रीय एकात्मतेची पहिली इयत्ता आहे.

म्हणून मागणी दुहेरी असावी. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली आंतरविद्याशाखीय शिक्षणाचे आणि भारतीय ज्ञानपरंपरेचे दार उघडले आहे. त्याचा आधार घेऊन शिवनईच्या उपकेंद्रात नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापनाचा पूर्ण अभ्यासक्रम मराठीतून सुरू व्हावा. राहुरीचे कृषी विद्यापीठ, ‘वाल्मी’ आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ यांनी त्यास साहाय्य करावे. विद्यार्थ्याने किमान एक पूर्ण वर्ष एका गावाशी बांधून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी विहिरींची पातळी मोजावी, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावी आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावा. वाघाडचा अनुभवी सभासद आणि पाड्यावरचा वैदू यांना तेथे अध्यापक म्हणून सन्मानाने बोलवावे. दुसऱ्या बाजूने शासनाने या पदवीला भरतीच्या नियमांत स्थान द्यावे.

आणि समाजानेही आपला वाटा उचलावा. गावोगावी सेवाकार्यात रमलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांतून तरी एखादा हुशार मुलगा, एखादी मुलगी या वाटेने जावी. ‘शिकला तो सुटला’ हे समीकरण उलटवायचे, तर ते प्रथम आपल्याच घरात उलटवावे लागेल. पूर्वी गावात पाटकरी असे. पाणी कोणाच्या शेतात कधी जाईल, हे तो जाणे आणि त्याचा शब्द गाव मानी. गावाला पुन्हा पाटकरी हवा आहे; या वेळी तो विद्यापीठाची पदवी घेऊन, मोजपट्टी आणि कायद्याचे पुस्तक घेऊन यावा. शिवनईपासून वाघाडचे धरण आणि ननाशीचे पाडे फार दूर नाहीत. ते अंतर विद्यापीठाने चालून जायचे आहे.